काठ असलेला वेळ: तुमच्या दिवसात असा कुठला?

नदीपल्याड (सोमवार, रात्री ९:३५)

परवा ऑफिसात पुलाचा विषय निघाला. गोव्यातल्या आमच्या चोडण बेटाला पूल झाला तर रोज जाऊन-येऊन किती वेळ वाचेल याचा हिशेब सुरू झाला. पूल हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. रात्री-अपरात्री कुणाचं दुखणं वाढलं की बेटावरच्या माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो ते मी घरातच पाहिलंय. पण हिशेब करताना सगळ्यांनी फेरीबोटीत उभं राहायची आठ-दहा मिनिटंसुद्धा वाया गेलेल्या वेळात धरली, ते मला टोचलं. तिथे विषय लगेच बदलला म्हणून इथे लिहितेय.

चोडण–रायबंदर फेरीने जाणाऱ्यांना यात नवीन काही नाही. रॅम्प वर उचलला जातो, दुचाकीवाले इंजिन बंद करतात, मधोमध चारचाक्या, कडेच्या बाकांवर युनिफॉर्मातली मुलं, पाटी पायाशी ठेवून टेकलेली मासळीवाली. मी सून म्हणून बेटावर आले तेव्हा रोज सकाळी माझ्या शेजारी एक वयस्क बाई उभ्या राहायच्या. त्यांचं बोलणं नेहमी अर्ध्यावर तुटायचं, कारण रायबंदरचा धक्का यायचा. दुसऱ्या दिवशी त्या बरोबर तिथूनच धागा उचलायच्या, "तर काल सांगत होते ना, तो मुलाचा मामा आमच्याकडे आला..." त्यांच्या लेकीचं लग्न कसं मोडता मोडता जुळलं ती गोष्ट मी अशी कित्येक दिवस तुकड्यातुकड्याने ऐकली. मधल्या वेळात, घरी भांडी घासताना, पुढे काय झालं असेल याचा विचार करायचे. एका बैठकीत ऐकली असती तर अर्ध्या तासात संपली असती. त्या मामाने अंगणात काढून ठेवलेल्या चपलांचा रंगसुद्धा मला आज आठवतो!

मला वाटतं या वेळेची किंमत त्याच्या काठामुळे आहे. धक्का आला की तो संपतो. मी लांबवू शकत नाही, फेरी चालवणाराही नाही. जे बोलायचं, बघायचं ते तेवढ्यात. तीच दहा मिनिटं घरी फोन हातात घेऊन बसले तर दहाची कधी पन्नास होतात कळत नाही, आणि त्यातलं दुसऱ्या दिवशी काहीही आठवत नाही.

म्हणून विचारते. नदीने, घंटेने, गाडीने, दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेला असा छोटा वेळ तुमच्या दिवसात कुठला आहे? वेळेच्या नियोजनाचे सल्ले नकोत, ते पुष्कळ मिळतात. खरे वेळ सांगा.

डिचोलीकर (सोमवार, रात्री ९:५२)

वाचतोय. चपलांचा रंग कुठला होता ते लिहा.

नदीपल्याड (सोमवार, रात्री ९:५८)

तपकिरी. एका चपलेचा अंगठा नव्याने शिवलेला, तो काळा. त्यावरून त्यांनी ओळखलं की माणूस साधा आहे आणि बोलणी पुढे न्यायला हरकत नाही.

मानशीकाठ (सोमवार, रात्री १०:४०)

आमच्याकडे हा काठ भरती-ओहोटी ठरवते. वडिलांनी बरीच वर्षं गावच्या खाजनातली मानस पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली होती. बाहेरच्यांसाठी सांगतो: खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेतजमीन. त्या बांधात पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारांची वाट ठेवलेली असते, ती मानस. ही दारं कुणाला उघडावी-लावावी लागत नाहीत. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी तेच दार चौकटीवर दाबून धरतं, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. मासे धरायचे ते पाणी बाहेर पडत असताना, दाराशी जाळं लावून.

या दोन्हीच्या मध्ये थोडा वेळ असा येतो की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला असतं. दार मोकळं लटकतं. पाण्यावर पडलेलं पान जागचं हलत नाही. वडील तेव्हा जाळ्याची दोरी सोडून बांधावर बसायचे आणि आम्हा पोरांना बोलू द्यायचे नाहीत. मग दार चौकटीवर बसल्याचा 'धप्' असा ओला आवाज यायचा, की ते उठले. विडीसुद्धा त्या वेळात पेटवायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं की ते थकले म्हणून बसतात. पण पाणी फिरतं ते त्यांना बघायचं असायचं, आणि आयुष्यभर रोज बघूनही त्यांचं समाधान झालं नव्हतं.

भरतीची वेळ दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज रात्री नऊला पाणी फिरलं तर उद्या दहाच्या आसपास. त्यामुळे घड्याळ लावून तो वेळ पकडता येत नाही, तिथे जाऊन बसावंच लागतं.

शहाऐंशीचा प्रवासी (मंगळवार, सकाळी ६:२०)

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजू मांडायला हवी.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पर्वरीहून पणजीला कामाला जात होतो. नवा पूल १९९२ मध्ये झाला. मधली वर्षं आम्ही बेतीच्या धक्क्यावर काढली. जुलैचा पाऊस, छत्री उलटी करणारा वारा, मागून ढकलणारी माणसं. तुमच्या समोर फेरी भरायची आणि सुटायची, आणि पुढची कधी लागणार ते कुणी सांगू शकत नव्हतं. माझी नोकरी सरकारी, उशीर झाला तर लाल शेरा. माझ्या बाजूला उभा असायचा तो गवंडी, त्याचा अर्धा दिवस कापला जायचा. बाजारात भाजी घेऊन जाणारीची भाजी उन्हं वर आली की मान टाकायची. त्या वेळेला मी तरी मोलाचा म्हणणार नाही. दुसऱ्याने हिरावून घेतलेला वेळ होता तो.

छोट्या वेळाचं कौतुक करताना हे विसरू नये, एवढंच सांगणं. थांबणं प्रत्येकाला परवडतं असं नाही.

नदीपल्याड (मंगळवार, सकाळी ८:१०)

काका, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. फेरी आणि फेरीची रांग हे दोन वेगळे वेळ आहेत. रांगेला काठ नसतो. पुढची फेरी कधी हे माहीत नाही, म्हणजे तो वेळ ना आपला ना कुणाचा. त्या गवंड्याला आठ मिनिटांनी फेरी नक्की मिळणार हे ठाऊक असतं तर त्यानेही ती आठ मिनिटं पाण्याकडे बघत काढली असती. जुलै २०२५ पासून आमच्या मार्गावर मोठी रो-रो फेरीबोट आली, तेव्हा मला पहिला आनंद झाला तो रांग आखडण्याचा. सरकारने लोकांची रांगेतली मिनिटं वाचवावीत आणि पाण्यावरची लोकांच्या हाती सोडावीत, असं माझं म्हणणं आहे.

शहाऐंशीचा प्रवासी (मंगळवार, सकाळी ८:३०)

हे मान्य.

पेडणेकर (मंगळवार, सकाळी १०:०५)

मी सुट्या वेळांचा उपयोग करणाऱ्यांतला. म्हापसा–पणजी कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) शटल, तिकीट आधीच खिडकीवर काढलेलं, मध्ये थांबा नाही, त्यामुळे कुणी उठवत नाही. बसल्याबरोबर पुस्तक उघडतो. गेल्या काही वर्षांतलं माझं बहुतेक मराठी वाचन त्या बसमध्ये झालंय. रिकामं बघत बसण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. की हेही धाग्याच्या नियमात बसत नाही?

नदीपल्याड (मंगळवार, दुपारी १:१५)

बसतं की! पणजीचं बसस्टँड हा तुमचा काठ. वाचा, झोपा, खिडकीबाहेर बघा. पूर्ण तिथे असलात म्हणजे झालं.

उंडे-काकणं (मंगळवार, दुपारी ४:४०)

आमच्या वाड्यावरचा हा वेळ पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा. सायकलचा पों-पों कोपऱ्यावर वाजला की आमच्या दारात पोचायला त्याला मिनिटभर लागतं. तेवढ्यात पैसे शोधायचे, पिशवी घ्यायची, बाहेर यायचं. समोरची, शेजारची, मी, तिघी एकदम फाटकाशी. दिवसभरात एकमेकींची तोंडं आम्ही तेवढीच बघतो.

आणि पोदेर पाव मोजता मोजता सगळं टिपत असतो. गेल्या पावसात त्याने मला विचारलं, "त्या कोपऱ्यावरच्या बाईक कितें जालां? दोन दीस एकूच उंडो घेता." आम्ही जाऊन पाहिलं तर तापाने फणफणलेल्या, मुलगा बाहेरगावी. डॉक्टरकडे नेलं, आता बऱ्या आहेत. दोन उंड्यांचा (उंडो म्हणजे गोल पाव) एक झालेला आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आला नव्हता. त्याच्या आला, कारण त्या दारात तो रोज फक्त मिनिटभर उभा असतो आणि त्या मिनिटात त्याचं लक्ष दुसरीकडे कुठेही नसतं.

माझ्या बहिणीच्या इमारतीत रहिवासी दाराला पिशवी अडकवून ठेवतात, पोदेर त्यात पाव टाकून जातो. सोय आहे, नाही म्हणत नाही. मला ते आवडत नाही.

मळेकर (मंगळवार, सायंकाळी ७:०२)

पणजीच्या चर्चची घंटा राहिली. ती मूळ जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, नंतर आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीत आली. आम्ही हिंदू, पण आमची शेजारीण तिन्हीसांजेची घंटा ऐकली की हातातलं काम तसंच ठेवून उभी राहायची आणि प्रार्थना पुटपुटायची. दोन मिनिटं जेमतेम. आई त्याच वेळी देवाकडे दिवा लावायची. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. भांडण झालेलं असलं तरी तेवढ्यापुरती दोन्हीकडे शांतता, आणि त्यानंतर पुन्हा भांडायचं कुणाला सुचलेलं मला तरी आठवत नाही.

आभाळवेडा (मंगळवार, रात्री ९:२०)

सूर्यास्ताबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बिंब क्षितिजाला टेकल्यापासून शेवटची कड बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. कळंगुट असो की कोलवा, माणसं तासभर आधी येऊन बसतात आणि नेमकी ती दोन मिनिटं स्वतःकडे कॅमेरा फिरवून, पाठ समुद्राकडे करून घालवतात. एकदा हात खिशात ठेवून बघा. बिंब टेकताना खालची कड चपटी होते, रंग सेकंदासेकंदाला बदलतो, आणि शेवटी ते इतकं भरभर जातं की पृथ्वी फिरते हे पायांना कळतं.

दुसरा वेळ शून्य सावलीचा. पणजीत मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मेचा दिवस धरायचा. दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली काठीखाली जाते. बाराला न होता साडेबाराला का? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि पणजी त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार अर्ध्या तासाहून जास्त मागे असते. शाळेतल्या मुलांना अंगणात उभं करून हे दाखवलंय. सावली पायाखाली गेली की मुलं आरडाओरडा करतात, आणि ती पुन्हा बाहेर डोकवायला लागली की गप्प होतात.

जुनी मापं या कामाला छान आहेत. साठ विपळांचं एक पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. म्हणजे घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. सूर्यास्त पाच-सहा पळांचा. लग्नात घटिकापात्र ठेवायचे तेव्हा बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायचे. ती भरून बुडाली की घटिका भरली. घाई केली म्हणून ती लवकर बुडत नसे.

तेरा मात्रा (बुधवार, सकाळी ७:१५)

गोव्यात वेळेबद्दल एवढं बोलणं झालं आणि खाप्रूमाम पर्वतकरांचं नाव कुणी घेतलं नाही! लयभास्कर म्हणत त्यांना. दोन हातांनी दोन वेगळे ताल, पायांनी आणखी वेगळे, तोंडाने तिसरंच काही, आणि सगळे एकाच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडायचे, असं जुने जाणकार सांगत आले आहेत. तुम्हीआम्ही एका सेकंदात पापणी लववतो. त्या माणसाने सेकंदाच्या आत किती घरं पाडली असतील!

मी घरापुरता तबला वाजवतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. बारा मात्रा, एवढंच. शिकायला बसलो तेव्हा हे मिनिट सरता सरत नसे; हात ठेक्यावर आणि डोकं भलतीकडे. गुरुजी म्हणायचे की दोन मात्रांमध्ये काही वाजत नाही तिथे कान ठेव. हळूहळू कळलं की गाणारा त्या मिनिटात वाटेल तिथे हिंडतो, कारण सम कुठे आहे ते त्याला, मला आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. सम पक्की नसती तर हिंडायची हिंमत कुणालाच झाली नसती. नदीपल्याड ज्याला काठ म्हणतात तो आमच्याकडे हा.

साळावली (बुधवार, सकाळी ११:३०)

गाण्याचा विषय निघालाच आहे तर गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव कुर्डी. माझ्या आईचं माहेर. साळावली धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं आणि माणसं वाडे-वालकिणीला येऊन राहिली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तसं मे महिन्यात गाव वर येतं: सोमेश्वराचं देऊळ, घरांचे चौथरे, रस्त्यांच्या खुणा, वठलेली झाडं. पाऊस लागला की परत पाण्याखाली.

आजीला घेऊन गेलो की ती चौथऱ्यावर चढून आधी चुलीची जागा दाखवायची, मग न्हाणीची, मग तुळशीची. तडकलेल्या चिखलात मला काही दिसायचं नाही. तिथे ती डबा उघडून आम्हाला जेवायला वाढायची, अगदी 'पाट घ्या' म्हणून, आणि जेवून झाल्यावर ती जागा हाताने पुसून घ्यायची. जेमतेम तासभर. आभाळ भरून आलं की मामा घाई करायचा. पुढच्या वर्षी पाणी किती उतरेल याची खात्री नाही, म्हणून तेवढ्या तासात ती एकही गोष्ट अर्धवट सोडायची नाही.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी ३:१०)

रात्रपाळी करून झोपून उठले आणि सगळा धागा एका दमात वाचला. मी परिचारिका आहे. आमच्याकडे मिनिटं कागदावर लिहितात, औषध कितीला दिलं, श्वास कितीला बदलला. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देताना मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, कारण त्यानंतर हात थकतात आणि दाब उथळ पडतो. ती दोन मिनिटं ज्याने दिली आहेत त्याला मिनिटाची किंमत दुसऱ्या कुणी समजवायला नको.

पण मला लिहायचंय ते नाडीबद्दल. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणता येतं, आणि बोटाला लावायचं यंत्र तर लगेच आकडा देतं. वॉर्डात गर्दी असली की मीही तेच करते. पहाटे तीन-चारच्या सुमारास, जाग्या असलेल्या पेशंटची नाडी मात्र मी बोटांनी आणि पूर्ण मिनिट मोजते. नाडी अनियमित असली तर पूर्ण मिनिटच मोजायला शिकवतात, पंधरा सेकंदांत ती चुकते. पण मी सगळ्यांचीच मोजते. मनगट हातात, डोळे सेकंदकाट्यावर, बोलायचं नाही. त्या मिनिटात माणसाचा खांदा सैल पडलेला मला दिसतो. एक आजोबा होते, दिवसभर कुणाशी बोलत नसत. साठ सेकंद झाले की ते दर वेळी विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे आणि झोपायचे. त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं की बाबा घरी जाऊन फक्त याबद्दल बोलले.

डिचोलीकर (बुधवार, दुपारी ३:२५)

+१. हे आईला वाचून दाखवलं.

शहाऐंशीचा प्रवासी (बुधवार, रात्री ८:५०)

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचं आहे. पत्नी काही महिन्यांपासून अंथरुणाला आहे. डॉक्टरांनी नाडी रोज वहीत लिहायला सांगितली आहे. मुलाने यंत्र आणून दिलं आहे, मी बोटाला लावतो, आकडा लिहितो, काढतो. तुमचं वाचून वाटलं की हाताने मोजावी. मला जमेल का? बोटं कुठे ठेवायची?

रात्रपाळी (बुधवार, रात्री ९:३०)

काका, नक्की जमेल. त्यांचा तळवा वर ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, हाडाच्या आतल्या बाजूला तुमची तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा वापरू नका, त्यात तुमचीच नाडी लागते. हलकंच दाबा, फार दाबलंत तर ठोका हरवतो. सापडली नाही तर बोटं किंचित सरकवा, घाई नको. मोजण्याआधी पाच मिनिटं त्यांनी शांत पडलेलं असावं, आणि रोज साधारण एकाच वेळी मोजा. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा असेल तर तिथे बसा जिथून तो दिसेल. पूर्ण मिनिट मोजा आणि आकडा त्यांना मोठ्याने सांगा. ठोके मध्येच चुकतात किंवा पुढे-मागे होतात असं वाटलं तर वहीत तसं लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. यंत्र बंद करू नका, त्याचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा.